स्कूटर पळते कशी आणि पेट्रोल जाते कुठे?

सकाळी सहाचा सुमार. आकुर्डी, चिंचवड किंवा भोसरीच्या एखाद्या चाळीपुढे पहिल्या पाळीला निघालेला कामगार आपल्या स्कूटरला किक मारतो आहे. एक, दोन, तीन... दहा. स्कूटर ढिम्म. मग तो डबा खाली ठेवतो, स्कूटर एका बाजूला चांगली कलती करतो, क्षणभर तशीच धरतो आणि पुन्हा सरळ उभी करून किक मारतो. या खेपेला ती 'फट्-फट्' करीत सुरू होते. निळसर धुराचा ढग उठतो आणि स्वार निघून जातो. हे दृश्य आता दुर्मिळ झाले असले, तरी तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ते शेकडो वेळा पाहिले असेल. त्यांना विचारून पाहा.

स्कूटर कलती करण्यात जादू नाही. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची एक लहानशी कुंडी असते. तिच्यातील पातळी एक तरंगता फ्लोट ठरवून देतो. गाडी कलंडली की फ्लोटची जागा बिघडते, पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त उतरते आणि इंजिनात जाणारे मिश्रण दाट होते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला दाट मिश्रण लागते. म्हणजे त्या कामगाराने चोकचे काम हातांनी करून घेतले. फार वेळ कलती ठेवली तर मात्र प्लग ओला होतो, आणि मग दहाच्या जागी तीस किका!

पिंपरी-चिंचवडच्या लोकांचे आणि स्कूटरचे नाते घरच्यासारखे आहे. बजाज ऑटोने १९६० मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीकडून व्हेस्पा स्कूटर बनविण्याचा परवाना मिळविला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. त्याच वर्षी ह. क. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने ५० घनसेंटिमीटरची 'लूना' आणली. चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. इतक्या वाट पाहण्यानंतर घरात आलेली गाडी साहजिकच जपली जाई. ती जास्त पळावी आणि पेट्रोल कमी प्यावे, अशी प्रत्येकाची इच्छा असे. आजही माझ्या वर्गातील मुले जुनी स्कूटर किंवा नवी मोपेड घेऊन येतात आणि तोच प्रश्न विचारतात, "सर, हिचा पिकअप वाढवायचा आहे, पण ॲव्हरेजही वाढले पाहिजे. काय करू?"

उत्तर द्यायच्या आधी आपण थोडे गणित करू. ते नववीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

रस्ता आणि हवा

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या स्कूटरला दोन गोष्टी मागे खेचतात. एक म्हणजे टायरचा रस्त्यावरील लोळण-विरोध. टायर जमिनीला टेकतो तेथे दबतो, पुढे गेल्यावर पुन्हा फुगतो आणि या दाबण्या-फुगण्यात ऊर्जा वाया जाते. स्कूटर आणि स्वार यांचे वस्तुमान १८० किलोग्रॅम धरा. लहान चाकांच्या स्कूटरला हा विरोध वजनाच्या साधारण दोन टक्के असतो, म्हणजे सुमारे ३५ न्यूटन. वेग बदलला तरी तो फारसा बदलत नाही.

दुसरा शत्रू हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडा वर आहे, तेव्हा येथील हवेची घनता घनमीटरला १.१ किलोग्रॅम घेऊ. ताठ बसलेला स्वार आणि स्कूटर यांचा आकार लक्षात घेऊन हिशेब केला, तर ताशी ४० किलोमीटरला हवेचा विरोध ४१ न्यूटन येतो, ६० ला ९२ आणि ८० ला तब्बल १६३ न्यूटन. यात रस्त्याचे ३५ न्यूटन मिळवा. एकूण ७६, १२७ आणि १९८ न्यूटन.

आता शक्ती काढा. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, तेव्हा लागणारी शक्ती सुमारे ८४० वॅट. पाणी तापविण्याच्या हीटरइतकीसुद्धा नव्हे! ताशी ६० ला २.१ किलोवॅट लागतात आणि ८० ला ४.४ किलोवॅट. पाहा, वेग दुप्पट झाला तर शक्ती पाचपटीहून अधिक लागली. चेतकच्या इंजिनाची शक्ती पाच किलोवॅटच्या आसपास होती. त्यामुळे ती ऐंशीच्या थोडे पुढे जाऊन दमत असे, यात नवल नाही. तिला ताशी ९० ने पळवायचे, तर सहा किलोवॅट हवेत. ऐंशीच्या मानाने ३७ टक्के अधिक. कोठलाही स्क्रू फिरवून एवढी शक्ती मिळत नाही.

याच आकड्यांतून पेट्रोलचाही हिशेब निघतो. ताशी ४० ने एक किलोमीटर जायला ७६ न्यूटन गुणिले १००० मीटर, म्हणजे ७६ किलोज्यूल कार्य करावे लागते. एक लीटर पेट्रोल जळले की सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता मिळते. भागाकार करा. उत्तर येते ४२० किलोमीटर! प्रत्यक्षात चांगली ठेवलेली चेतक लीटरला पंचेचाळीसच्या आसपास देई. म्हणजे पेट्रोलमधील ऊर्जेपैकी जेमतेम अकरा टक्के चाकापर्यंत पोहोचत होती.

मग उरलेली कोठे गेली?

दोन ठोक्यांचे इंजिन

बरीचशी ऊर्जा सिलिंडरच्या पंख्यांतून आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जाते. हे कमीअधिक प्रमाणात प्रत्येक इंजिनात घडते. परंतु चेतक, लूना यांसारख्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात आणखी एक गळती आहे.

चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. πr²h हे सूत्र लावून पाहा, १४५.४५ घनसेंटिमीटर हा तिचा प्रसिद्ध आकडा मिळतो. या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कापलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडते, मग ताजे मिश्रण आत येण्याची. थोडा वेळ दोन्ही एकदम उघड्या राहतात. ताजे मिश्रण आत शिरते, जळलेल्या वायूला ढकलते आणि त्यातील काही त्याच्या पाठोपाठ न जळताच बाहेर पडते. पाहुणा पुढच्या दाराने आला आणि मागच्या दाराने निघून गेला! साध्या दोन स्ट्रोक इंजिनात अशा रीतीने मिश्रणाचा पाव ते एक तृतीयांश भाग वाया जाऊ शकतो. पैसे आपण दिलेले, आणि हवा मात्र सर्वांची घाण झालेली.

येथे सायलेन्सरची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्यापैकी काहींना सायलेन्सरची जाळी काढून टाकण्याची हौस असते. आवाज वाढला की वेग वाढला, असे वाटते. पूर्व जर्मनीतील चोपाउ गावी एम. झेड. कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. धुराची खिडकी उघडताच नळीत दाबाची लाट निघते, हे त्याने ओळखले. नळीला ठरावीक आकार दिला तर ती लाट पुढच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर पळू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या इंजिनात एक फेरी १२ मिलिसेकंदांत होते. एवढ्या अवधीत लाट वेळेवर जाऊन परत आली पाहिजे. १९६१ पर्यंत काडेनच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लीटरमागे २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि जपानच्या सुझुकी कंपनीला जाऊन मिळाला. १९६२ मध्ये ५० घनसेंटिमीटर गटाचे जागतिक अजिंक्यपद डेग्नर आणि सुझुकी यांनी पटकावले. एका नळीच्या आकारासाठी एवढे नाट्य!

परंतु काडेनची नळी फक्त ठरावीक फेऱ्यांनाच मदत करते. इंजिन त्याहून सावकाश फिरत असेल तर लाट अवेळी परतते आणि उलट अपायच होतो. निगडीहून पिंपरीला सिग्नलमागून सिग्नल थांबत जाणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? आणि जाळी काढलेल्या सायलेन्सरात तर लाटेची वेळ साधणारा आकारच नसतो. तेथे नुसता गोंगाट वाढतो.

जेटचे भोक

आता माझ्या स्वतःच्या फजितीकडे येतो. फजिती म्हणतो खरा, पण ती त्याहून वाईट ठरली असती.

१९९९ साल. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकत होतो, आणि थोडेसे शिकलेल्याला सगळे येते असे वाटते तसे मला वाटत होते. वडील कारखान्यात पाळीवर जात. त्यांची चेतक लीटरला ४२ किलोमीटर देई. एका ओळखीच्या मेस्त्रींनी सुचविले, की मेन जेट बारीक घाल, ॲव्हरेज वाढेल. जेट म्हणजे कार्बुरेटरमधील पितळेचा छोटा स्क्रू. त्याच्या मधोमध भोक असते आणि त्यातून पेट्रोल जाते. त्यावरील आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत. १०० च्या जागी ९५ चा जेट घातला तर व्यास फक्त पाच टक्क्यांनी कमी होतो, परंतु क्षेत्रफळ सुमारे दहा टक्क्यांनी घटते. तेवढे पेट्रोल कमी.

हिशेब तर सोपा वाटतो. मग बनविणाऱ्यांनीच बारीक जेट का घातला नाही? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. एका लीटरला सुमारे दहा हजार लीटर हवा, म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीभर. पण जास्तीत जास्त शक्ती मिळते ती याहून दाट, साडेबारा-तेराला एक, अशा मिश्रणात. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना सिलिंडरला थंडही करते. म्हणून कंपनी मिश्रण थोडे दाटच ठेवते. शिवाय तोच जेट मुंबईतही चालला पाहिजे. आपल्याकडे हवा थोडी विरळ, त्यामुळे मुंबईला बेताचे असलेले मिश्रण येथे सुमारे तीन टक्क्यांनी दाट होते. तेव्हा मेस्त्रींच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. तीन टक्क्यांचे. मी मात्र दहा टक्के कापले.

आणि एक गोष्ट मला सुचलीच नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, चेतकच्या दिवसांत लीटरला २० मिलिलिटर. पेट्रोल दहा टक्के कमी केले, की तेलही तितकेच कमी. म्हणजे सिलिंडर जास्त तापविले आणि त्याच वेळी त्याचे तेल तोडले.

आठवडाभर सगळे छान चालले. लीटरला ४७ किलोमीटर! मी वहीत आकडे लिहिले आणि वडिलांना दाखविले. मग एका रविवारी दुपारी मित्राला मागे बसवून नाशिक रस्त्याने चाकणला निघालो. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. चिंबळीच्या पुढे रस्ता मोकळा होता, म्हणून मूठ पूर्ण पिळली. दोन-तीन मिनिटांनी इंजिनाचा सूर बदलला, बारीक 'कुंई' असा आवाज आला आणि मागचे चाक एकदम जागच्या जागी अडकले. स्कूटर आडवी होऊन घसरत गेली. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला फेकलो गेलो. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक लावला, म्हणून हा लेख लिहितो आहे. मित्राचे मनगट मोडले. माझ्या कोपराचा व्रण अजून आहे.

काय झाले होते? पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर बिडाचा. सारख्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिक तापतो, कारण सिलिंडरला वारा लागतो. ५७ मिलिमीटरचा पिस्टन नेहमीपेक्षा १०० अंश सेल्सियस जास्त तापला, तर त्याचा व्यास ०.११ मिलिमीटरने वाढतो. पिस्टन आणि सिलिंडर यांमधील मोकळी जागा मुळात त्याच आसपासची. ती संपली, तेलाचा पातळ थर फाटला आणि धातू धातूला चिकटला. मेस्त्री याला 'इंजिन जाम झाले' म्हणतात. अशा वेळी क्लच तत्काळ दाबला तर चाक मोकळे होते. हे मला नंतर कळले.

सिलिंडर बोअर करून नवा, किंचित मोठा पिस्टन बसवावा लागला. चार दिवस वडील पहाटे पी.सी.एम.टी.च्या बसने कामाला गेले. बोलले काही नाहीत. मी वाचविलेल्या पेट्रोलचा आणि दुरुस्तीचा हिशेब वहीत मांडून पाहिला होता, पण तो त्यांना दाखविला नाही.

मग स्कूटर 'ट्यून' करायचीच नाही काय? जरूर करायची. ट्यून करणे म्हणजे यंत्र बिघडून जेथे गेले आहे तेथून मूळ जागी आणणे. जेट तार घालून साफ करू नये, पितळ मऊ असते, भोक मोठे होते. हवेची जाळी साफ ठेवावी. ती तुंबली की हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच. प्लग काढून पाहावा. चहासारखा तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, काजळी असेल तर दाट, पांढराफटक असेल तर विरळ. पांढऱ्या प्लगला घाबरा. जुन्या गाड्यांत पॉइंट झिजला की ठिणगीची वेळ सरकते. पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी साधारण वीस अंशांवर ठिणगी पडते, म्हणजे ५००० फेऱ्यांना अवघे ०.७ मिलिसेकंद आधी. त्यात थोडी चूक झाली तरी शक्ती जाते, आणि मग स्वार मूठ जास्त पिळतो. धुराच्या खिडकीत आणि सायलेन्सरमध्ये साठलेला कार्बन काढावा. बाकी गिअर-क्लचचे तुम्हाला घरी कोणीही सांगेल.

थांबण्याची किंमत मात्र सहसा कोणी सांगत नाही. ताशी ४० ने चाललेल्या आपल्या १८० किलोची गतिज ऊर्जा सुमारे ११ किलोज्यूल. ब्रेक लावला की ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. पुन्हा तो वेग गाठायचा म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर जाण्याइतके कार्य फुकट. सिग्नल लाल दिसत असताना जोरात जाऊन शेवटी ब्रेक दाबणारा स्वार कोठल्याही जेटने वाचणार नाही.

दोन स्ट्रोकची स्कूटर आता रस्त्यावरून जवळजवळ गेली. बजाजने १९९८ मध्ये 'लेजेंड' ही चार स्ट्रोकची स्कूटर काढली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले आणि दुचाक्यांतील कार्बुरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक रीतीने पेट्रोल फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. तेथे जेटही नाही आणि फिरवायला स्क्रूही नाही. हवा किती आली, इंजिन किती तापले, हे मोजून प्रत्येक ठोक्याला पेट्रोल दिले जाते. आणि चेतक हे नाव २०१९ मध्ये विजेच्या स्कूटरला मिळाले. प्रथम ती चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली, २०२२ पासून आकुर्डीच्या जुन्या जागेतही. सुरुवातीच्या चेतकची बॅटरी सुमारे ३ किलोवॅट-तासांची, म्हणजे १०,८०० किलोज्यूलची होती. एक लीटर पेट्रोलच्या एक तृतीयांश ऊर्जा. तेवढ्यात ती इको मोडमध्ये ९५ किलोमीटर जाते, असे कंपनीने जाहीर केले होते. किलोमीटरला ११४ किलोज्यूल! आपल्या ७६ च्या आकड्याशी ताडून पाहा. वीजनिर्मिती केंद्रात जी उष्णता वाया जाते ती या हिशेबात नाही, हे विसरू नका. हवेचा विरोध मात्र विजेच्या गाडीलाही तेवढाच.

एक प्रयोग सांगतो. परवाना असलेल्या मोठ्या माणसाकडूनच तो करवून घ्या, आणि वाहतूक नसलेल्या सपाट रस्त्यावर. स्कूटर ताशी ४० च्या थोडी वर न्यायची, न्यूट्रल करायची आणि काटा ४० वरून ३० वर यायला किती सेकंद लागतात ते दुसऱ्याने घड्याळावर मोजायचे. वारा चुकू नये म्हणून जाता-येता दोन्ही दिशांना मोजून सरासरी घ्या. वर दिलेल्या आकड्यांवरून सुमारे साडेसात सेकंद यायला हवेत.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मागील रस्त्यावर एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या जुन्या चेतकवर आम्ही हा प्रयोग केला. पाच सेकंद आले. गणित केले, तर कोठेतरी ३४ न्यूटन जास्तीचे बल मागे खेचत होते, म्हणजे टायरच्या विरोधाइतके आणखी. मागचे चाक उचलून हाताने फिरविले, तर ते जड फिरत होते. ब्रेकची केबल अति आवळलेली होती आणि दोन्ही टायरांत हवा कमी होती. दोन्ही नीट करायला पंधरा मिनिटे लागली. नंतर सात सेकंद आले. तो मुलगा पंधरवड्याने सांगत आला, की ३६ चे ४३ झाले. आता जेट बदलून पन्नासपर्यंत नेता येईल का, असेही त्याने विचारले. माझ्या टेबलावर उभे ओरखडे उठलेला एक ५७ मिलिमीटरचा पिस्टन कागद दाबायला ठेवलेला असतो. तो मी उचलून त्याच्या हातात दिला.